‘अमृता’ कोणती? : कोशाध्ययनाची दिशा

अमरकोशाच्या द्वितीय कांडातील वनौषधिवर्गात ‘अमृता’ हे नाम हरीतकी, आमलकी व गुडूची या तिन्ही द्रव्यांच्या पर्यायांत आढळते. रसग्रंथांत नपुंसकलिंगी ‘अमृत’ शब्दाने पुष्कळदा वत्सनाभ हे विषद्रव्य अभिप्रेत असते. समासात हा लिंगभेद दिसेनासा होतो. म्हणून केवळ पर्याय मुखोद्गत असणे आम्ही पुरेसे मानत नाही.

अभ्यासकांनी प्रथम अमरकोशात पर्याय व लिंग पाहावे, क्षीरस्वामींच्या टीकेतून व्युत्पत्ती जाणून घ्यावी व भावप्रकाश निघंटूतील गुणकर्मांशी ती ताडून पाहावी. त्यानंतर योगाचा रोगाधिकार, मात्रा व त्या ग्रंथाच्या टीकाकाराचे मत यांवरून द्रव्य निश्चित करावे. गुडूचीच्या स्थानी वत्सनाभ योजिला गेल्यास रुग्णाच्या प्राणांवर बेतेल, याचे भान सदैव असावे.