दुकानासाठी कॉम्प्युटर जुळवताना : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

पूर्वी कॉम्प्युटर ही मोठ्या कचेऱ्यांची वस्तू होती. आता किराणा दुकानदाराला जीएसटीचे विवरण भरायचे असते, छापखानेवाल्याला मराठी आणि उर्दू लग्नपत्रिका जुळवायच्या असतात, एम्ब्रॉयडरीच्या कारखानदाराला डिझाइन मशीनवर चढवायचे असते आणि रात्री त्याच कॉम्प्युटरवर मुलांचा अभ्यास चालतो. कामे चार, यंत्र एक आणि पैसा बेताचा, अशी बहुतेक व्यापारी व कारागीर बंधूंची स्थिती आहे. त्यांना सुटे भाग घेऊन जुळवलेला कॉम्प्युटर सोयीचा पडतो. तो तयार यंत्रापेक्षा दरवेळी स्वस्त पडतोच असे नाही, पण बिघडला तर बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो.

विक्रेता बोलणे सुरू करतो ते प्रोसेसरपासून. ‘आय-फाइव्ह घ्या, दहा वर्षे बघायला नको,’ असे तो सांगतो. पण प्रोसेसर जरा मंद आहे म्हणून दुकान बंद पडल्याचे सहसा ऐकू येत नाही. दुकान अडते ते एसएमपीएस जळाल्याने किंवा डिस्क गेल्याने. नवा प्रोसेसर बाजारात मिळतो, उधारीची वर्षभराची खातेवही मिळत नाही. म्हणून निवड करताना आधी एसएमपीएस आणि डिस्क ठरवावी, मग बाकीचे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त कॅबिनेट मागितले की त्यात एसएमपीएस बसवूनच मिळतो. त्यावर ४५० वॅट असे छापलेले असते, हातात घेतला तर डबा हलका लागतो. अशा डब्यात जादा दाब, जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून बचाव करणारी व्यवस्था पुष्कळदा नावापुरतीच असते. तो जाताना एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. भिवंडी-मालेगावसारख्या गावी यंत्रमागांच्या शेजारी दुकान असेल तर ही जोखीम घेऊच नये. एसएमपीएस वेगळ्या खोक्यातला, किमान तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते यासंबंधी आहे, सुरक्षिततेचा तो दाखला नव्हे. तरी बिनशिक्क्याच्या डब्यापेक्षा तो बरा. पुढे सांगितलेल्या यंत्राला भर कामातही साधारण दीडशे वॅटच्या आतच वीज लागते, म्हणून खरा ४५० वॅटचा पुरे, ६५० चा आग्रह कोणी धरला तर ऐकू नये. त्या वाचलेल्या पैशात दुकानाचे अर्थिंग नीट करून घ्यावे आणि एक यूपीएस घ्यावा.

प्रोसेसर असा घ्यावा की ज्यात ग्राफिक्स आतच आहे, म्हणजे वेगळ्या कार्डाचा खर्च वाचतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी (२०२१) सहा कोअरचा आहे, इंटेलचा कोअर आय३-१२१०० (२०२२) चार कोअरचा. दोन्ही आता जुने झाले, पण हिशेब, इनपेजमधील उर्दू, कोरलड्रॉमधील पत्रिका आणि मुलांचा अभ्यास या कामांना कोणताही पुरतो. मोठ्या डिझाइन फायली किंवा लग्नाचे व्हिडिओ कापण्याचे काम असेल तर पहिला घ्यावा. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ अक्षर असेल तर तो थोडा स्वस्त पडतो, मात्र त्यात ग्राफिक्स नसते आणि कार्ड न लावल्यास पडदा काळाच राहतो. या फसगतीपासून सावध राहावे.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस झपाट्याने चढले, कारण कारखान्यांचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. म्हणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ च्या पट्ट्या असतील तर त्या आधी तपासाव्यात. वरील दोन्ही प्रोसेसरना डीडीआर४ चालते. इंटेलसाठी मात्र मदरबोर्ड डीडीआर४ चाच मागून घ्यावा, कारण डीडीआर५ ची खाच वेगळी असते आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. सोळा जीबी हवे असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या लावाव्यात. आतले ग्राफिक्स रॅममधूनच काम करते, त्यामुळे एका पट्टीवर ते रखडते.

डिस्क ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी असावी. जुन्या हार्ड डिस्कच्या मानाने फरक इतका आहे की जुना माणूसही पहिल्या दिवशी ओळखतो. परंतु हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, एसएसडी न सांगता जाते. तेव्हा जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या डबीत घालून दर आठवड्याला खात्यांची नक्कल त्यात उतरवावी आणि ती डबी दुकानात नव्हे, घरी ठेवावी.

कॅबिनेट साधे, हवा खेळती राहील असे पाहावे. रंगीत दिव्यांचे पैसे देऊ नयेत. मॉनिटर छापखानेवाल्यांनी आयपीएस पडद्याचा घ्यावा, इतरांना कोणताही चालेल. ज्यांच्याकडे बिलासाठी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे त्यांनी त्याची रुंद केबल आठवणीने दाखवावी. नव्या बोर्डांवर ते तोंड सहसा नसते, यूएसबीची जोडकेबल घ्यावी लागते.

काही जण कंपन्यांतून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतात. वाईट नाही, पण विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा माल म्हणूनच स्वस्तात निघतो. शिवाय त्यातला एसएमपीएस बहुधा वेगळ्याच घडणीचा असतो, बाजारातला बसत नाही.

बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर पक्के घ्यावे. नियमित योजनेत नोंदणी असेल आणि यंत्र धंद्यासाठी असेल तर भरलेला कर पुढे वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेत ही सवलत नाही. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा, कारण वॉरंटी भागागणिक वेगळी असते. यंत्र विक्रेत्याकडे जुळवून घेणार असाल तर तेथेच विंडोज टाकून तासभर चालू ठेवायला सांगावे, दोन्ही पट्ट्यांची रॅम पुरी दिसते का ते पडद्यावर पाहावे आणि मगच खोके बांधू द्यावे.