झोपलेला लॅपटॉप आपोआप का उठतो?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही बेणे, खते व पाणी यांविषयीच लिहितो. या खेपेस लॅपटॉपविषयी लिहीत आहोत; पण कारण उसाच्या नोंदीचेच आहे.

गेल्या हंगामात आमच्या एका गट ऑफिसचा चिटबॉय लागणीच्या नोंदीसाठी मोटारसायकलवर रानात गेला. बॅगेतून लॅपटॉप काढतो तो तव्यासारखा गरम, आणि बॅटरी संपलेली. एक वयस्कर सभासद सातबारा घेऊन बांधावर उभे. लागणीच्या तारखेवर तोडीची पाळी ठरते, हे आपणांस सांगायला नको. तारीख कागदावर टिपून घेतली म्हणून निभावले. ऑफिसात मात्र सगळ्यांनी त्या पोरालाच धरले. आम्हीही चार शब्द बोललो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, झाकण लावूनच निघालो होतो."

पोराचे खरे होते. झाकण लावले की लॅपटॉप बहुधा बंद होत नाही, नुसता झोपतो. चालू काम ज्या मेमरीत असते तिला थोडी वीज मिळत राहते आणि त्याला उठवण्याच्या काही वाटा उघड्या राहतात. आपल्या पंपाला ऑटो असतो ना, तसेच. मोटार थांबलेली दिसते, पण लाइट आली की ऑटो तिला चालू करतो. म्हणून आधी पाहावे, उठवतो कोण? पाने पिवळी दिसली की आपण लगेच युरिया ओतत नाही. चुनखडीच्या रानात लोहाची कमतरताही असू शकते. इथेही निदान आधी, औषध नंतर.

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर पुढीलप्रमाणे करावे.

१) लॅपटॉप आपोआप उठल्याबरोबर 'कमांड प्रॉम्प्ट' ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' सलग लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ व तिला लागून 'लास्टवेक' लिहावे. शेवटी कोणी उठवले ते बहुधा तिथे दिसते. 'लास्टवेक'च्या जागी 'वेकटायमर्स' लिहिले, तर पुढे उठवण्यासाठी लावून ठेवलेले गजर कळतात.

२) माऊस किंवा नेटवर्क कार्डाचे नाव आले, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या वस्तूच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'पॉवर मॅनेजमेंट' उघडावे आणि संगणक उठवण्याच्या परवानगीची खूण काढावी. माऊस बिघडत नाही, फक्त उठवायचा थांबतो.

३) रात्री ठरावीक वेळी उठत असेल, तर गजराचा संशय घ्यावा. विंडोजची आपोआप देखभाल मुळात रात्री २ वाजताची लावलेली असते. 'पॉवर ऑप्शन्स'च्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्लीप'खाली 'अलाऊ वेक टायमर्स' असते. ते बॅटरी व चार्जर दोन्हींसाठी बंद करावे. मग अपडेट मात्र आठवड्यातून एकदा चार्जर लावून आपणच करावे.

४) काही नव्या लॅपटॉपांत झोपेतही थोडेफार काम चालू असते. तिथे वरील उपाय पुरे पडतीलच असे नाही. अशांनी, आणि बॅगेत घालून नेणाऱ्या सर्वांनीच, 'हायबरनेट' वापरावे. त्यात चालू काम डिस्कवर उतरते व वीज जवळजवळ पूर्ण थांबते. झाकण लावल्यावर हायबरनेटच व्हावे, अशी सोय 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये करता येते.

आमच्या लॅपटॉपचा चोर माऊस निघाला. बिनवायरी माऊसचे छोटे बटण लॅपटॉपलाच खोचलेले आणि माऊस त्याच बॅगेत. प्रत्येक खड्ड्याला माऊस हलायचा, लॅपटॉप उठायचा, आणि बंद बॅगेत वारा नसल्याने तापायचा. खूण काढली, झाकणाला हायबरनेट लावले. त्यानंतर तक्रार आलेली नाही.

ज्यांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप आहे त्यांनीही हे करून पाहावे. जमले नाही तर गट ऑफिसात घेऊन यावे. त्या चिटबॉयला हे काम आता चांगले येते. त्याला बोललेले शब्द आम्ही सर्वांसमक्ष परत घेतले आहेत.

आणि नोंद लॅपटॉपवर झाली तरी लागणीची तारीख आपल्या वहीत लिहायला विसरू नये. वहीला बॅटरी लागत नाही.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी