*घरातली बुरशी: पुसण्याआधी ओल शोधा*



पावसाळ्यात घाटघरला कित्येक दिवस ऊन पडत नाही. धुकं घरात शिरतं, मीठ पाघळतं, पोती हाताला गार लागतात. मग भिंतीला, कपड्यांना, धान्याला बुरा चढतो. आपण फडक्यानं पुसतो, चार दिवसांत तो परत येतो. कारण बुरशीचं बी हवेत कायम असतंच. त्याला फक्त ओल लागते. ओल मिळाली की २४ ते ४८ तासांत ते वाढायला लागतं.

*१. ओळखायची कशी?*
▪️ आधी नाकानं. कुबट वास येतोय पण काही दिसत नाही, तर पोत्याखाली, पोत्याच्या भिंतीकडच्या बाजूला आणि कपाटामागे बघा.
▪️ भिंतीवर पांढरं दिसलं तर पाण्याचा थेंब लावा. विरघळलं तर तो लोणा. विरघळलं नाही, चोळल्यावर डाग फासला, तर बुरशी. भिंतीत ओल आहे हे मात्र दोन्हीतून कळतं.

*२. ओल येते कुठून?*
▪️ डाग वरून खाली आलाय: छप्पर गळतंय.
▪️ जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पट्टा आहे: पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरतंय. चर काढून पाणी लांब न्या.
▪️ फक्त कोपऱ्यात, कपाटामागे किंवा पत्र्याच्या आतून: घरातलीच वाफ साचतेय. सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, उघडीप मिळाली की दारं-खिडक्या उघडा.

*३. धान्य कोरडं आहे का?*
मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. काचेच्या कोरड्या बरणीत थोडं भात आणि दोन-तीन चमचे मीठ घाला. मिनिटभर हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. ते धान्य साठवू नका, पुन्हा वाळवा. पोती फळ्यांवर ठेवा. हिरड्याचंही तेच. एक ओलं पोतं शेजारच्या पोत्यांचा भाव घालवतं.

*४. बुरशीचं धान्य खाऊ नका* ⚠️
१९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवेळी पावसानं मका भिजला, त्याला बुरशी लागली. दुसरं धान्य नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. सुमारे ४०० जणांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. १०६ माणसं गेली. त्या विषाचं नाव अफलाटॉक्सिन. बुरा धुऊन जातो, विष राहतं. शिजवून, भाजूनही ते पुरतं जात नाही. मका आणि शेंगदाण्याला धोका जास्त, पण भिजलेलं कुठलंच धान्य सुटत नाही.
❌ असं धान्य चांगल्यात मिसळू नका, दळू नका.
❌ गाई-म्हशींना, कोंबड्यांना घालू नका. विष दुधात उतरतं.

*५. साफ करताना*
कोरडा झाडू मारू नका, बुरा उडून छातीत जातो. नाका-तोंडाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यानं पुसा, मग जागा पूर्ण वाळवा. दमेकरी, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तेवढा वेळ बाहेर बसवा. घरात कुणाचा खोकला किंवा धाप हटत नसेल तर दवाखान्यात दाखवा आणि घरातल्या ओलीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आज एवढंच करा: एक पोतं बाजूला सारा आणि त्याच्या मागची भिंत हातानं चाचपून बघा. ओल लागली तर फोटो ग्रुपवर टाका.