देशाचे दूधदुभते

मुलांनो, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर हे गाव लागते. भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ते दूरवर प्रसिद्ध आहे. अशा गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत असे समजा. पहाटे धार काढून तो चरवी घेऊन निघतो, आणि त्या घटकेपासून त्यास वेळेची चिंता लागते. ज्वारी कणगीत वर्षभर टिकते; हळद साठवून भाव चढेपर्यंत थांबता येते. दूध मात्र थांबत नाही. उन्हाळ्यात काही तासांतच त्यातील सूक्ष्म जंतू वाढतात आणि ते नासते. म्हणून मिळेल त्या दरात ते विकणे त्यास भाग पडते.

ही अडचण नवी नाही. गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी तीवर एक उपाय शोधला. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १९४६ साली त्यांनी आणंद येथे आपला सहकारी दूध संघ स्थापन केला. पुढे डॉ. व्हर्गीस कुरियन त्यांस येऊन मिळाले. हाच आदर्श देशभर पोहोचावा म्हणून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली आणि १९७० साली ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू झाली. गावोगावचे थोडे थोडे दूध एकत्र करून, थंड करून, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या महानगरांत पोहोचू लागले. या प्रयत्नांचे फळ असे की, १९९८ पासून दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ साली देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध निघाले. म्हणजे दरडोई रोज ४७१ ग्रॅम.

मग आता कोणती चिंता उरली? आपण नीट विचार करू. २०१९ च्या गणनेत देशात गाई-म्हशींच्या वर्गातील जनावरे ३० कोटींहून अधिक होती. अर्थात आपले दूध पुष्कळ आहे ते जनावरे पुष्कळ आहेत म्हणून. एकेका गाईचे दूध थोडकेच आहे. मराठवाड्यातील लाल कंधारी व देवणी या गाई काटक. ऊन सोसतात, पण दूध कमी देतात. संकरित गाय अधिक दूध देते. परंतु तिला चारा, पाणी व औषधपाणी अधिक लागते. २०२२ साली लम्पी रोगाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक गोठे ओस पडले.

दुसरी अडचण वैरणीची. पूर्वी ज्वारीबरोबर कडबा हाती येई. आता अनेक शेतांत सोयाबीन आले. त्याने पैसा मिळतो, पण कडब्याची उणीव भरून निघत नाही. गाय आटली तरी तिचे पोट भरावेच लागते, ही गोष्ट शहरातील ग्राहकाच्या ध्यानी क्वचितच येते.

तिसरी अडचण दराची. दुधाच्या भुकटीचा भाव कोसळला की त्याची झळ गोठ्यापर्यंत येते. याच कारणाने २०१८ साली व पुन्हा २०२४ साली महाराष्ट्र शासनास गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान द्यावे लागले. त्यातच कोणी लोभापायी दुधात भेसळ करतो. मग प्रामाणिक माणसाच्या दुधाविषयीही लोकांच्या मनात संशय उत्पन्न होतो.

तर प्रथम काय करावे? बांधावर हिरवा चारा लावावा, जनावरांना वेळेवर लस टोचावी, स्थानिक जातींतील उत्तम गाईंची निवड करून त्यांची पैदास वाढवावी. गावाजवळ दूध ४ अंशांपर्यंत थंड करण्याची सोय असावी आणि स्निग्धांश सर्वांसमक्ष मोजला जावा. २०१६ साली विदर्भ व मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला; त्याच्या दुसऱ्या टप्प्यात दोन्ही विभागांतील सर्व १९ जिल्हे घेण्यात आले. परंतु प्रकल्प शासनाचा असला तरी चरवी शेतकऱ्याची असते. ती स्वच्छ राखणे त्याच्या हाती, आणि तिचे योग्य मोल देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.

सकाळी दुधाचा पेला ओठांस लावाल, तेव्हा पहाटेच्या काळोखात उठलेल्या त्या माणसाची क्षणभर आठवण ठेवा.

स्वाध्याय
१. दूध विकणाऱ्यास भाव चढेपर्यंत का थांबता येत नाही?
२. देशात दूध पुष्कळ असूनही कोणत्या अडचणी उरल्या आहेत?
३. आपल्या गावातील एका गोठ्यास भेट द्या. एका गाईला दिवसभरात किती वैरण लागते व ती किती दूध देते, हे विचारून लिहा.