दुखण्याची चिठ्ठी

भाईंदर पूर्वेला माझं मेडिकल आहे आणि मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. विरार लोकलमध्ये लटकून आलेल्या कमरा, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत दिवसभर पॉलिशवर वाकलेल्या माना, मासळीच्या पाट्या वाहून झिजलेले उत्तनकडचे गुडघे. संध्याकाळी सातनंतर या शहराचं सगळं दुखणं माझ्या काउंटरवर येतं. अलीकडे त्यासोबत येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘पेन क्लिनिक’ असं छापलेलं जास्त दिसू लागलंय. त्या वाचता वाचता जे कळत गेलं, ते मांडते.

१. तपासणी दुकानाची होते, दवाखान्याची नाही.

माझ्या भिंतीवर औषधविक्रीचा परवाना आहे, फार्मसी कौन्सिलचं प्रमाणपत्र आहे, फ्रीजचं तापमान लिहायची वही आहे. औषध निरीक्षक कधीही येऊन कपाट उघडायला सांगू शकतो. रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या नर्सिंग होमला १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२१ मध्ये तिचे नियम आणखी कडक झाले. पण एक टेबल, एक तपासणीचा पलंग आणि बाहेर बोर्ड एवढ्यावर चालणारा गाळा? तिथे डॉक्टरची नोंदणी हवी, गाळ्याची नको. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. गंमत अशी की, वापरलेल्या सुईची विल्हेवाट लावण्यासाठी त्याच गाळ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता घ्यावी लागते. ती सुई मणक्याजवळ टोचणाऱ्याचं शिक्षण काय, हे विचारायला नेमाने कुणी येत नाही. बोगस डॉक्टर शोधण्याच्या मोहिमा निघतात, १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हेही दाखल होतात. पण तोवर बहुतेक वेळा कुणाचं तरी नुकसान होऊन गेलेलं असतं.

अमेरिकेत फ्लोरिडाने याची किंमत मोजली. रोख पैसे, नावापुरती तपासणी आणि ऑक्सिकोडोन या नशा चढवणाऱ्या वेदनाशामकाच्या गोळ्या तिथल्या तिथे हातात, असे दवाखाने तिथे इतके माजले की शेजारच्या राज्यांतून लोक गाड्या भरून यायचे. मग २०१० मध्ये पेन क्लिनिकची नोंदणी, मालकी आणि डॉक्टरचं प्रशिक्षण यांवर कडक नियम आले, आणि २०११ मध्ये डॉक्टरांनी स्वतः अशा गोळ्या देण्यावर बंदी आली. आपल्याकडे ऑक्सिकोडोनचा तसा पूर नाही म्हणून लोक निश्चिंत आहेत. काउंटरमागे उभं राहून मला तेवढं निश्चिंत वाटत नाही.

२. बोर्डावरची अक्षरं मोजू नका, नंबर शोधा.

दुखण्यावरचे उपचार ही खरी, मेहनतीची शाखा आहे. त्यात येणारे बरेचसे डॉक्टर आधी भूलशास्त्रात एमडी होतात, मग फेलोशिप करतात आणि पडद्यावर बघत नेमक्या नसेजवळ औषध सोडायला शिकतात. त्यांची देशव्यापी संघटना १९८४ पासून आहे. अशांची चिठ्ठी ओळखू येते: गोळ्या कमी, मुदत लिहिलेली, व्यायामाचा उल्लेख आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख.

त्याच बोर्डाखाली चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही टांगता येतं, ही अडचण. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवाच, आणि त्या शाखेची खास पात्रता नसताना कुणी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. नंबर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव सापडतं. मी गिऱ्हाइकांना तेवढंच करायला सांगते. 

नाव त्या यादीत नसलं म्हणजे माणूस बोगस, असंही नाही. आपल्या राज्यात हा गुंता मोठा आहे. नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना राज्य सरकारच्या १९९२ च्या आदेशाने आधुनिक औषधांची वाट मोकळी झाली. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला, आणि त्यांच्या नोंदणीवरून १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. माझं वैद्यांशी काही भांडण नाही. आमच्या घरात अजून महानारायण तेलाची बाटली असते. पण ज्याचे गुडघे आहेत त्याला समोरचा काय शिकलाय ते कळलंच पाहिजे. मुंबईतल्या एका होमिओपॅथाने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली आणि तो माणूस दगावला, त्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावलं होतं की, ज्या पद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणारा भोंदूच.

३. एच-वनचं रजिस्टर खूप काही सांगतं, पण ते एका दुकानापुरतं.

मार्च २०१४ पासून औषध नियमावलीच्या शेड्यूल एच-वन या यादीतली औषधं विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. दुखण्यावरचं ट्रामाडोल त्यात आहे, झोपेच्या आणि घबराटीच्या बऱ्याच गोळ्याही आहेत. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखालीही आलं.

वही भरताना हाताला काही गोष्टी जाणवतात. एकाच दवाखान्यातून बावीस वर्षांच्या जिमवाल्याला आणि सत्तरीच्या आजींना तीच तीन औषधं, त्याच मात्रेत. किंवा पाठदुखीची चिठ्ठी घेऊन आलेला, पण सहज खाली वाकून पडलेलं नाणं उचलणारा तरुण. अशा वेळी मी डॉक्टरांना फोन लावते. चांगला डॉक्टर फोन उचलतो आणि ‘बरं झालं विचारलंत’ म्हणतो.

पण स्टेशनपासून गोल्डन नेस्टपर्यंत चालत जा, वाटेत किती मेडिकल लागतात बघा. प्रत्येकाची वही वेगळी. एकच चिठ्ठी पाच ठिकाणी चालवली, तर पाचही दुकानदार आपापल्या जागी चोख ठरतात. अमेरिकेतल्या राज्यांत अशा औषधांची नोंद एका सामायिक संगणकावर होते आणि डॉक्टरला गोळी लिहिण्याआधी ती पाहता येते. आपल्याकडे रेशनच्या धान्याला अंगठा लागतो, ट्रामाडोलला लागत नाही.

४. व्हॉट्सॲपवरचा जुना फोटो म्हणजे चिठ्ठी नव्हे.

औषध नियमावलीच्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण संख्या हवी. पुन्हा द्यावी असं डॉक्टरने लिहिलं नसेल, तर तिच्यावर औषध एकदाच मिळतं. ‘ताई, मागच्या महिन्यात दिलं होतंत की!’ दिलं होतं. म्हणूनच आता नाही.

५. सगळ्यात भीती पुडीतल्या गोळीची.

उत्तनची एक मावशी शुगरच्या गोळ्या घ्यायला येते. एकदा तिचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसला. शुगर वाढलेली, पण गुडघे मात्र एकदम बरे.

‘मावशी, नवीन काय घेताय?’

‘डॉक्टरचीच गोळी गो. पुडीतून देतो. लय भारी.’

पुडीत बिननावाच्या तीन गोळ्या. त्या काय आहेत हे मला ओळखता येणार नव्हतं आणि मी ओळखायचा आवही आणला नाही. पण सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडणं हा जुना, अनेकदा उघड झालेला प्रकार आहे. मी एवढंच सांगितलं, ‘एकदम बंद करू नका, आणि ही पुडी घेऊन उद्याच मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवा.’ स्टेरॉइड फार दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, त्यामुळे ते अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो.

डॉक्टरने आपल्या रुग्णाला स्वतःकडचं औषध द्यायला कायद्याची आडकाठी नाही. औषध नियमावलीच्या शेड्यूल के मध्ये तशी सूट आहे. पण त्या सवलतीसोबत अटी येतात: नाव-पत्त्याचं लेबल, मात्रा, नोंद. पुडीवर त्यातलं काहीच नसतं. मला विचाराल तर औषधाचं नाव न सांगणाऱ्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नये, बोर्डावर कितीही अक्षरं असोत.

६. औषधाच्या मागे लागून थोडंच साधतं.

कधी साधतंही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. जनावरांसाठीचं औषध २००६ मध्ये बंद केलं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. २०१५ मध्ये इंजेक्शन फक्त ३ मिलिच्या एकेरी कुपीत ठेवलं, तेव्हा ती वाट बरीच अरुंद झाली. पण एक गोळी आवळली की दुसरी पुढे येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या एका कंपनीचं टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांचं मिश्रण पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकलं जात असल्याचं बीबीसीने उघड केलं. मग केंद्राची आणि राज्याची पथकं त्या कंपनीत गेली, साठा जप्त झाला, निर्यात थांबली. ही दोन औषधं वेगवेगळी आपल्याकडे मंजूर आहेत, एकत्र नाहीत, आणि एनडीपीएसच्या यादीत दोन्ही नव्हती.

७. ज्याला खरोखर गरज आहे, त्याचीच वाट बंद होते.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांची एवढी उतरंड उभी राहिली की, देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर शेकडो किलोंवरून १९९७ पर्यंत १८ किलोंच्या आसपास आला. कॅन्सरचे रुग्ण विव्हळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधांसाठी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. ती देताना संस्था कोणती, तिथला डॉक्टर वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला आहे का आणि साठ्याचा हिशेब कोण ठेवतो, हे सगळं पाहिलं जातं. पेन क्लिनिककडून मला जे हवंय ते नेमकं हेच, आणि तो साचा कायद्यात तयार आहे.

आमच्या मागच्या सोसायटीतल्या काकांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. शेवटी शेवटी ट्रामाडोलने भागेना. मुलगा माझ्याकडे मॉर्फिन मागायला आला; माझ्याकडे ते ठेवता येत नाही. मग दादरला उतरून परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात खेपा सुरू झाल्या. गोळ्यांसोबत तिथला कागद तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा, वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला. ही गोळी महापालिकेच्या रुग्णालयात मिळायला कायदा आता आड येत नाही. त्यासाठी लागतो प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, एक कुलपाचं कपाट आणि एक वही.