आभासी जगातील चालणे आणि मेंदू

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या सातवीतील मुलीला घेऊन दवाखान्यात आले. एका प्रदर्शनात तिने व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून किल्ला पाहिला होता. चष्मा काढल्यावर मळमळ, घेरी. आणि दरवाजा कोठे, तळे कोठे, हे काही सांगता येईना. ‘डॉक्टर, हिची स्मरणशक्ती कमी आहे का?’ वडिलांचा चेहरा उतरला होता.

स्मरणशक्ती उत्तम आहे. खुर्चीत बसवून, हातातील दांडी दाबून तिला किल्लाभर फिरवले होते, गोम तेथे आहे.

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. पायांचे स्नायू व सांधेही आपला हिशेब देतात. दांडीने फिरताना डोळे म्हणतात ‘वळलो’, कान म्हणतात ‘जागेवरच आहोत’. घाटात एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याचेही असेच होते. फक्त तेथे कान हलतात आणि डोळे स्थिर असतात.

हा गोंधळ पोटापुरता राहत नाही. 1998 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्झकी व सहकाऱ्यांनी लोकांना दोन बाजूंचा रस्ता आणि मधले एक वळण दाखवून, निघालेल्या जागेकडे तोंड करायला सांगितले. शरीराने वळलेल्यांना ते जमले. नुसते वळण पाहिलेले मात्र, जणू वळलोच नाही अशा बेताने चुकले! 2006 साली ब्रिटनमधील रडल व लेसेल्स यांनी आभासी खोलीत पेट्यांमधील वस्तू शोधायला लावल्या. प्रत्यक्ष चालणारे क्वचितच चुकले. न चालणारे त्याच त्या पेट्या पुन्हा उघडत राहिले, चित्र कितीही हुबेहूब असले तरी. विक्रेते चित्राच्या स्पष्टतेचेच गोडवे गातात, पायांची चौकशी कोणी करीत नाही.

बोट दाखवून एकदम दुसऱ्या जागी उडी मारण्याचीही सोय असते. तिने मळमळ कमी होते, पण दिशा हरवते.

तेव्हा पालकांनी मुलाला मोकळ्या जागेत उभे करावे, जवळ थांबावे. दांडीने न वळता अंगाने वळू द्यावे. प्रत्येक उडीनंतर थांबून चौफेर पाहायला सांगावे. नंतर कागदावर नकाशा काढून घ्यावा. किती शिकला ते लगेच कळते. मळमळ सुरू होताच चष्मा काढावा. घेरी पूर्ण जाईपर्यंत सायकल चालवू देऊ नये. फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि चष्मा नसतानाही घेरी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.