तोंडपाठ सूरांपासून सुरुवात कर

छोटी, "आपा, कुरआन वाचते, पण मनाला काही लागत नाही," असं परवा म्हणालीस आणि तुझा आवाज एकदम खाली गेला. यात शरमेसारखं काय आहे गं? चिखल्यातच काय, तुमसर-भंडाऱ्यापर्यंत आपल्या कितीतरी मुलींचं असंच होतं. शाळा मराठी, घरात हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, आणि अरबी अक्षरं तेवढी नूरानी कायद्यावरून आलेली. नाझरा पूर्ण झाला की मिठाई वाटतात. मग जुजदान निघतं ते रमजानमध्ये, नाहीतर कुणाच्या चाळिसाव्याला सिपारे वाटून घेताना. तो सिपारा जरूर वाच, त्यात मायेचा वाटा आहे. पण तेवढ्यावर थांबू नकोस.

रोज किती वाचू, असं तू विचारलंस. माझं ऐक, सध्या पानं मोजूच नकोस. हौसेनं पहिल्या पानापासून तर्जुमा हातात घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; सूरह बकराच्या 286 आयतींत त्या दमतात आणि पुस्तक परत कपाटात जातं. तुला 'अलम तर'पासून 'वन्नास'पर्यंतच्या दहा सूरा पाठ आहेत. रोजच्या नमाजात त्याच म्हणतेस. तिथूनच सुरू कर. जे लहानपणापासून तोंडात आहे, त्याचा अर्थ कळला की दुसऱ्या दिवशीची फज्रच वेगळी होते.

सूरह माऊन घे. सातच आयती. दीन नाकारणारा माणूस कसा ओळखावा, हे त्यात सांगितलंय. तो अनाथाला धक्के देऊन हाकलतो, भुकेल्याला जेवू घालायला कुणाला सांगत नाही. मग बोट थेट नमाज पढणाऱ्यांकडेच वळतं: नमाजाकडे दुर्लक्ष करणारे, लोकांना दाखवण्यासाठी करणारे. आणि शेवट कशावर होतो, तर रोजच्या वापराच्या बारीकसारीक वस्तूही दुसऱ्याला न देण्यावर. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी त्या वस्तू सांगितल्या आहेत: कुऱ्हाड, भांडं, बादली. म्हणजे आपल्या चाळीतल्याच की गं! शेजारीण पातेलं मागायला येते तेव्हा आपण काय करतो, याचा हिशेब नमाजाच्या शेजारी मांडलाय. ही सूरा समजून म्हणायला लागलीस की दारात कुणी उभं राहिल्यावर ती आपोआप आठवेल. ओढ लागते ती अशी. डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून आपलं काही चुकतंय, असं समजू नकोस.

मग तिच्या अगोदरची कुरैश, चार आयतींची. हिवाळ्या-उन्हाळ्यात व्यापाराला जाणाऱ्या मक्केवाल्यांना सांगितलंय की या घराच्या, म्हणजे काबाच्या, मालकाची इबादत करा. त्यानं तुम्हाला भुकेत अन्न दिलं, भीतीत निर्भय केलं. मँगनीजच्या खाणीत घरचा माणूस खाली उतरतो आणि शिफ्ट सुटेपर्यंत आपण दाराकडे बघत बसतो. भाकरी आणि सुखरूप परत येणं, याहून जास्त आपण तरी काय मागतो? ही सूरा आपल्याला परकी कशी वाटेल, सांग.

मराठीतून अर्थ वाचला तर चालेल का, ही तुझी शंका मला फार महत्त्वाची वाटते. अगं, दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी अठराव्या शतकात कुरआनचा फारसी तर्जुमा केला, कारण इथली शिकलेली माणसं फारसी वाचत. त्यांचे चिरंजीव शाह अब्दुल कादिर यांनी कुरआनचा उर्दू तर्जुमा केला. ज्या भाषेत माणसाला समजतं, त्या भाषेतून समजून घ्यायचं. तू मराठी शाळेत शिकलीस, तर मराठीतून वाच. मराठीत पूर्ण तर्जुमे छापलेले आहेत. तिलावत मात्र अरबीतच ठेव. आणि अरबी शिकायला आता उशीर झाला, असं म्हणू नकोस. आपल्या विदर्भातल्या पवनारचे विनोबा मोठेपणी अरबी शिकले, मूळ कुरआन वाचलं आणि 'कुराण-सार' काढलं.

अडखळत वाचतेस म्हणून आईसमोर पढायला लाजतेस ना? हजरत आयशांकडून आलेल्या हदीसमध्ये अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुप्पट सवाब सांगितलाय. आणि ऐकण्यालाही कमी लेखू नकोस. ज्यांच्यावर कुरआन उतरलं, त्या नबीसाहेबांनी इब्न मसऊदांना सांगितलं होतं, तू पढ, मला दुसऱ्याकडून ऐकायला आवडतं. सूरह निसा ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा तू आणि आई आळीपाळीनं पढा, एकीनं फक्त ऐकायचं.

पाळीच्या दिवसांत सगळंच तुटतं, असं तू दबक्या आवाजात म्हणालीस. तुटत नाही. ऐकणं, जिक्र, दरूद, दुआ हे सगळं त्या दिवसांतही खुलं आहे. मुसहफला हात लावणं आणि तोंडी पढणं याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ते एखाद्या आलिमाला मोकळेपणानं विचार, मोबाइलवरच्या अर्धवट उत्तरांवर जाऊ नकोस.

या दहा सूरा झाल्या की वद्दुहा पाठ कर, अकरा आयती. काही काळ नबीसाहेबांकडे येणारी वही थांबली होती, मक्केतले लोक त्यांना टोमणे मारत होते की रबनं तुला सोडलं, तेव्हा ही उतरली. तुला सध्या जे वाटतंय ना, त्यासाठी मी हीच निवडली असती. घाई नाही. आधी माऊन. अडलीस तर ईशानंतर फोन कर, मी जागीच असते.

तुझी आपा